पत्र्याची छत्री

सासरे जिन्यात पडले तेव्हा आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. त्याला आता वर्ष होत आलं, पण हा माणूस अजून पाहुणाच. "आलोय चार दिवस," हे पालुपद चालूच. बॅग पलंगाखाली भरलेली, बसायचं ते दाराजवळच्या खुर्चीत, आणि तेही बूट घालून! मी कटकट केली की म्हणायचे, "फौजदार, निघायला बरं पडतं."

निघायचं कुठे? तर जुन्या गल्लीत. तिथे त्यांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळी हयात तिथे गेली. आता तिथे मोबाइलवाला बसतो, पण दोन घरं सोडून तिसऱ्या मजल्यावरची एक खोली रिकामी झाली आणि हे हट्टाला पेटले. रविवारी खोलीवाल्याला हो-नाही कळवायचं होतं. उभा जिना आणि यांचे ते गुडघे! नवरा म्हणाला, "जाऊ दे, बाबा ऐकायचे नाहीत." अरे, जाऊ दे काय? मला माझे वडील आठवतसुद्धा नाहीत. माझी ऑफिसची रडगाणी शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकच माणूस. मला ते घरात हवे होते, बस्स.

मग मी डोकं लढवलं. हॉलची मोठी भिंत रंग दिल्यापासून बोडकीच होती. नवऱ्याला तिथे धबधबा हवा होता. डोंबलाचा धबधबा! शहरातल्या जुन्या इमारतींचे फोटो कॅनव्हासवर छापून देणारं एक दुकान आहे. त्यांच्या साइटवर शोधता शोधता मला मोठ्या वाचनालयाचा काळापांढरा फोटो सापडला. खांब, कमानी, घुमट, सगळं होतंच. पण अगदी उजव्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, एका दारावर टांगलेली पत्र्याची छत्री! बाबांच्या दुकानाची पाटी! मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालेच. सगळ्यात मोठा आकार मागवला आणि कुणाला अवाक्षर बोलले नाही.

शनिवारी कॅनव्हास आला. नवऱ्याने भिंतीला भोक पाडून तो टांगला आणि कामाला निघून गेला. मी हाक मारली, "बाबा, जरा बघायला या!"

त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं. "वा. वाचनालय झकास आलंय," म्हणाले आणि शर्टांच्या घड्या घालायला परत खोलीत गेले.

असं कसं? मी जवळ जाऊन बघते तर छत्री गायब. अख्खी गल्लीच गायब! तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच दुकानात फोन लावला.

"मॅडम, कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणला की कडा बाजूला वळतात," तिथली बाई शांतपणे म्हणाली. "तुमची गल्ली बाजूच्या जाडीवर असेल बघा. लोकांना फार आवडतं ते."

"बाजूने कोण मरायला बघतंय? मला ती समोर हवी होती!"

"परत पाठवा, पुन्हा छापून देते. दहा-बारा दिवस लागतील."

उद्या रविवार, आणि ही दहा-बारा दिवसांचं सांगतेय! मी फोन आपटला, स्टूल ओढलं आणि कॅनव्हास उतरवायला वर चढले. रडूच येत होतं मला. स्टूल डुगडुगल्याचा आवाज ऐकून बाबा धावत आले. एका हाताने त्यांनी स्टूल धरलं, दुसरा हात भिंतीला टेकवला. अगदी कॅनव्हासच्या उजव्या बाजूला.

"पकडलंत ना घट्ट?" मी विचारलं.

ते कॅनव्हासच्या कडेला नाक लावून बघत होते.

"बाबा?"

"हात लावू नकोस त्याला," ते म्हणाले. आवाज पार बदललेला.

मी खाली उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. चौकटीच्या जाडीवर, दोन बोटांच्या पट्टीत, गल्ली होती. छत्री होती. दार अर्धं उघडं होतं.

"चुकून बाजूला गेलं हो," मी म्हटलं. "पुन्हा छापून घेते, समोर दिसेल असं."

"खबरदार! अगं, रस्त्यावरून आमचं दुकान कधी कुणाला सहज दिसलंय? वाचनालयाला वळसा घालूनच यावं लागायचं. बरोब्बर आहे हे." मग हळूच म्हणाले, "तुला कसं गं सापडलं?"

मी स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

संध्याकाळी नवरा आला तो खुर्चीला अडखळला. दाराजवळची खुर्ची उजव्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून गेली होती. "इथे कशाला ही? इथून चित्र दिसतं तरी का?"

"तू सोफ्यावर बस. तिथून वाचनालय छान दिसतं," बाबा म्हणाले. पायात नुसते मोजे होते.

रविवारी सकाळी खोलीवाल्याचा फोन आला. मी आत ओट्याशी कान टवकारून उभी.

"नको हो," बाबा म्हणाले. "खोली चांगली आहे, पण दुकानापासून फार लांब पडते."