पेनाचं वर्तुळ

एकेकाळी हा वॉर्ड चालवणाऱ्या मोठ्या सिस्टर आता स्वतःच इथे खाटेवर होत्या. पायाची जखम चिघळलेली, अंगात ताप, तोरा मात्र जुनाच. ट्रे घेऊन आलेल्या नर्सला त्यांनी ओळखलं नाही. कामापुरतंच बोलते म्हणून वॉर्डात तिला सगळे मुकी म्हणत. तिने मात्र त्यांना दारातूनच ओळखलं होतं.

काही वर्षांपूर्वी याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवरून तिची आई या सिस्टरना सांगत होती, “मागे या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या.”

“नाटकं पुरे, आई,” म्हणत सिस्टरनी सुई टोचली आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. आईचा श्वास अडकला, तेव्हा उताऱ्याचं इंजेक्शन कुलपात होतं आणि किल्ली कुणाला सापडेना. सापडली तोवर आई गेली होती.

या बाईचा घसाही तसाच आवळलेला बघायचा, एवढंच तेव्हापासून मुकीच्या मनात होतं.

“कुठल्या औषधाने कधी गांधी, धाप, तोंडाला सूज?” तिने विचारलं.

“कधीच नाही. टोच गं पटकन. तुझ्या जन्माआधीपासून टोचतेय मी.”

त्यांच्याच शब्दावर सरळ टोचलं असतं आणि काही झालं असतं, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण मग सिस्टरना काय कळलं असतं? काहीच नाही. ते तिला परवडणार नव्हतं.

तिने उताऱ्याचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं. औषध सोसतं का ते बघायला सिस्टरच्या हाताच्या कातडीखाली त्याचा जेमतेम थेंब सोडला, भोवती पेनाने वर्तुळ काढलं आणि स्टूल ओढून बसली.

“आता माझं तोंड बघत बसणार का?”

“हो. एवढंच करायचं असतं.” मग आवाज न चढवता तिने खिडकीजवळची खाट दाखवली आणि आईचं सगळं सांगितलं. किल्लीसुद्धा गाळली नाही.

सिस्टरनी खाटेकडे पाहिलं, मग हाताकडे. लाल फुगवटा वर्तुळाबाहेर पसरला होता.

“सरळ टोचलं असतंस तर...”

“तर तुम्ही सुटला असतात.”

मुकीने डॉक्टरांना कळवून औषध बदलून घेतलं आणि सिस्टरच्या मनगटावर धोक्याचा लाल पट्टा बांधला.

“पोरी, मला माफ...”

“ते राहू दे.”

नवं औषध घेऊन ती परत आली. “कुठल्या औषधाने कधी गांधी, धाप, तोंडाला सूज?”

सिस्टरनी मुकाट्याने पट्ट्याचा हात वर केला.

“तोंडाने सांगा,” मुकी स्टुलावर बसत म्हणाली. “मी ऐकतेय.”