निवृत्त वजनं आणि काकडीच्या साली

आमच्या कारखान्यात वजनकाटे बनतात, त्यामुळे इथे कशाचंही वजन करायला कारण लागत नाही. रंगारी दर सोमवारी चपला काट्यावर ठेवून आठवड्याची झीज बघतो. जोडणीवरच्या ताईंनी एकदा स्वतःच्या रजेच्या अर्जाचं वजन केलं. चार ग्रॅम भरलं. त्या म्हणाल्या, कारण हलकंच होतं म्हणा.

मी तपासणीवर आहे. तयार झालेला काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. शिक्का माझ्या हातात असल्यामुळे घर आणि कॅन्टीन सोडून सगळीकडे माझा शब्द चालतो. त्या दोन्ही ठिकाणी आत्याचा चालतो. मी तिच्याच घरी वाढले, आणि गेली एकोणीस वर्षं चाळीस माणसांचं दुपारचं जेवण तिच्याच हातचं आहे.

उन्हाळा सुरू झाला त्या आठवड्यात साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, कधी नव्हे ते कॅन्टीनच्या मागच्या दाराने आले आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीला अडखळले. दुसरा कुणी असता तर पाय चोळत पुढे गेला असता. साहेबांनी काटा मागवला. बादली वजा जाता दहा किलो चारशे ग्रॅम भरलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. कचऱ्याचं वजन रोज चार वाजता होईल. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ते निम्म्यावर, म्हणजे पाच किलो दोनशेवर किंवा त्याखाली आलं नाही, तर कॅन्टीन बंद होऊन बाहेरून तयार डबे येतील. वजन करणार तपासणी विभाग. म्हणजे मी.

नमुन्याचे डबे त्याच दिवशी आले. उघडल्यावर त्यांना बंद डब्याचा वास येत होता. आत एक पांढरा पदार्थ होता, एक पिवळा होता आणि दोघांची चव एकमेकांना विचारून ठरवल्यासारखी होती. पण प्रत्येक डबा बरोबर साडेचारशे ग्रॅम भरत होता आणि साहेबांचे डोळे पाणावले होते.

रात्रीचं जेवताना मी आत्याला सुचवलं की साली जरा पातळ काढ. ही माझी चूक. आत्या काकडी सोलत नाही, काकडीला शिक्षा करते. तिच्या सालीला निम्मी काकडी चिकटलेली असते, हे चाळीस माणसांना माहीत आहे आणि चाळीसही जण गप्प आहेत.

तिने मला विचारलं की मी तिला शिकवणार का, ज्या कार्टीला ती अजून ताट वाढून देते. मग म्हणाली, काकडी सोलायचीच कशाला इथून सुरुवात कर. सोलायची कारण साहेबांच्या दातात साल अडकते. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा अडकली होती, तेव्हापासून चाळीस माणसं सोललेली काकडी खातात.

मी पाणी प्यायले. पाणी कोमट होतं. कारखान्यातलंही कोमटच असायचं. जोडणीच्या पत्र्याखाली दुपारी इतकं तापायचं की लोक काट्यांच्या कोऱ्या पाट्यांनी वारा घेत काम करायचे. आत्या माझ्या ग्लासाकडे बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, घासलेला नाही म्हणून बघते आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणासोबत मोठ्या पातेल्यात एक हिरवट पाणी आलं. काकडीच्या साली, पुदिन्याचे देठ, पिळून झालेल्या लिंबाच्या फोडी आणि आल्याची साल, सगळं सकाळपासून गार पाण्यात बुडवलेलं, वर मीठ आणि साखर. शेजारी दुसरं पातेलं, बीटाच्या आणि गाजराच्या सालींचं, लालभडक. जोडणीवरच्या ताईंनी विचारलं, उद्या टेबलाचे पाय उकळणार का. आत्या म्हणाली, तुम्ही रिकामा ग्लास घेऊन परत आलात तर उकळेन. ताई परत आल्या. तीनदा. रंगारी पाच ग्लास प्यायला आणि दुपारभर काट्यांवरच्या त्याच्या सगळ्या रेघा सरळ आल्या.

चार वाजता मी बादली काट्यावर ठेवली. अकरा किलो नऊशे.

इथे मला माझ्या सहकाऱ्यांबद्दल थोडं बोलायचं आहे. आम्ही चाळीस माणसं. वजन हा आमचा धंदा. कोरड्या सुताचं आणि ओल्या सुताचं वजन किती वेगळं येतं, हे आम्ही झोपेत सांगू. पण दिवसभर पाण्यात पडलेली साल पाणी पिते आणि जड होते, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. सगळे पाणी पिण्यात गुंतले होते.

आत्याने आकडा ऐकला, बादली उचलली आणि आत गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. काट्याशीही नाही, हे ती मुद्दाम सांगून गेली.

उपाय ग्रॅमकाकांकडून आला. ग्रॅमकाका म्हणजे वजनांच्या कोठाराचे राखणदार. काटे तपासायची प्रमाण वजनं त्यांच्या ताब्यात असतात आणि ते ती सकाळी मोजून देतात, संध्याकाळी मोजून घेतात. वापरून वापरून एखादं वजन झिजतं, वीस किलोला चार-पाच ग्रॅम कमी भरायला लागतं, मग त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अशी निवृत्त वजनं काकांनी एका फळीवर मांडून ठेवली आहेत. रोज पुसतात. मी एकदा विचारलं होतं, काका, यांचा उपयोग काय. ते म्हणाले, पोरी, तुझ्या काकूने मला हेच विचारलंय, थांब, उत्तर शोधतोय.

तर काका दुसऱ्या दिवशी लाल पाण्याचा ग्लास हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, साल भिजवू नका, दाबा. आधी मीठ-साखर चोळून ठेवा म्हणजे ती स्वतःचंच पाणी सोडेल. मग वरून वजन ठेवा. निघेल त्या रसात गार पाणी घाला.

आत्याने विचारलं, वजन कुठून आणू.

काकांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, काकूंसाठी उत्तर सापडलं.

तेव्हापासून रोज सकाळी वीस किलोची दोन निवृत्त वजनं हातगाडीवरून कॅन्टीनला जायला लागली. काका ती आधी धुवायचे, मग जाड पिशवीत गुंडाळायचे. मोठ्या चाळणीत मीठ-साखर लावलेल्या साली, त्यावर ताट, ताटावर वजनं, खाली पातेलं. ताट एका बाजूला कललं की आत्या दुसऱ्या बाजूला पितळेचं एखादं छोटं वजन ठेवायची. काका त्या छोट्या वजनांचीही नोंद ठेवायचे. निवृत्त झालं म्हणून कुणी हरवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी बादली सात किलोवर आली. दाबून उरलेला गाजराचा आणि आल्याचा चोथा आत्याने सूपमध्ये घातला, तेव्हा साडेसहा. पुदिन्याच्या देठांचा चोथा पहारेकऱ्याने त्याच्या कुंड्यांसाठी मागून नेला, तेव्हा सहा. मग आकडा हट्टाला पेटला. पाच नऊशे, पाच सातशे, पाच सहाशे. लोक चार वाजता काट्याभोवती जमायला लागले. ताटात कुणी काही टाकेना. हिशेब विभागातला एक जण लिंबाची बी गिळताना सापडला.

शेवटच्या शुक्रवारी सकाळी आत्या काकडी सोलत होती. मी दारातून पाहिलं. साल इतकी पातळ निघत होती की तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. मी न पाहिल्यासारखी पुढे गेले. तिनेही मी पाहिलंय हे पाहिलं नाही असं दाखवलं.

दुपारी ग्रॅमकाका माझ्या टेबलाशी आले. त्यांचं पितळेचं दोनशे ग्रॅमचं वजन सापडत नव्हतं. निवृत्तांपैकीच, पण सर्वांत जुनं. त्यांनी माझे कप्पे तपासले, रंगाऱ्याच्या चपला उलट्या करून पाहिल्या, जोडणीवरच्या ताईंना इतक्या अदबीने संशय बोलून दाखवला की त्यांनी आभार मानले.

चार वाजले. साहेब आले. चाळीस माणसं गोल करून उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात हिरवा किंवा लाल ग्लास. साहेबांच्याही हातात हिरवा होता, पण ते तो पाठीमागे धरून होते. आत्या बादलीशेजारी एप्रन बांधून उभी होती.

मी काटा समतल केला, बादली ठेवली, बादलीचं वजन वजा केलं आणि काटा स्थिर व्हायची वाट पाहिली. खरं सांगते, बुटाचं टोक बादलीखाली कसं सरकवतात हे मला माहीत आहे. ते पकडणं हेच माझं काम आहे. मी दोन्ही पाय मागे घेतले.

"पाच किलो तीनशे दहा," मी मोठ्याने वाचलं.

एकशे दहा ग्रॅम जास्त. रंगाऱ्याने ग्लास खाली ठेवला.

आत्याने मला विचारलं, "नीट वाचलंस ना?"

"हो, आत्या."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिचे हात एप्रनच्या गाठीकडे गेले. ती गाठ मी लहानपणापासून बघते आहे. घरी आल्यावर ती सुटते आणि मग दिवस संपतो. चार वाजता सुटलेली मी कधी पाहिली नव्हती.

साहेबांनी घसा साफ केला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ग्रॅमकाका पुढे आले. काय चाललंय याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी थेट आत्यालाच विचारलं, "ताई, माझं दोनशेचं तुमच्याकडे आलं होतं का?"

आत्याची बोटं गाठीवर थांबली. "आज ताट फार कलत होतं," ती सावकाश म्हणाली. "मी कडेला एक ठेवलं होतं."

चाळीस माणसांनी बादलीकडे पाहिलं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. काकडी, बीट, लिंबू, आणि तळाशी काहीतरी गार, गोल आणि अतिशय प्रामाणिक.

काकांनी ते रुमालात घेतलं, पुसलं आणि साहेबांनी काही म्हणायच्या आधी बादली उतरवून काट्यावर ठेवलं. एकशे नव्व्याण्णव पूर्णांक सहा दशांश ग्रॅम. "आहे तेवढंच आहे," ते म्हणाले आणि वजन पुन्हा रुमालात गुंडाळलं.

साहेबांनी पुन्हा वजन करायला सांगितलं. नियमाप्रमाणे. मी केलं. पाच किलो एकशे दहा. नव्वद ग्रॅम कमी. मी शिक्का काढला आणि सूचनेच्या कागदावरच मारला, कारण दुसरं काही जवळ नव्हतं.

आरडाओरडा झाला नाही. आत्याने सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट केली आणि सगळ्यांना विचारलं की बघत काय उभे आहात, ग्लास परत कोण आणणार.

साहेब मात्र गेले नाहीत. पाठीमागचा ग्लास पुढे घेऊन त्यांनी तो संपवला. मग त्यांनी विचारलं की मुळात काकडी सोलतातच का, न सोलता दिली तर कचरा आणखी कमी होईल. आत्याने त्यांना कारण सांगितलं. साहेब बराच वेळ स्वतःच्या दातांचा विचार करत उभे राहिले.

"नको," ते शेवटी म्हणाले. "सोलत राहा. नाहीतर हे कशाचं करणार?"

आता अडचण वेगळी आहे. पत्र्याखालचा उकाडा वाढलाय, पातेली दोनाची चार झालीत आणि साली पुरत नाहीत. आत्या पुन्हा जाड सोलायला लागली आहे आणि यावेळी तिच्याकडे लेखी परवानगी आहे. लोक घरून साली आणतात. फाटकावर काटा ठेवलाय. येणाऱ्याची पिशवी मी तपासते.

आज सकाळी साहेबांनी खिशातून एक घडी घातलेली छोटी पिशवी काढली आणि इकडेतिकडे बघत काट्यावर ठेवली. काकडीच्या साली, पंच्याऐंशी ग्रॅम. फार जाड काढल्या होत्या. मी शिक्का मारला आणि त्यांना आत पाठवलं.