पंख्याची शीळ

चौथा स्क्रू हलत नव्हता. बाकीचे तीन वाटीत पडले होते, पुसलेले, तरी तांबूसच, आणि हा एक कोपऱ्यात असा रुतून बसला होता की पत्रा कुठं संपतो नि स्क्रू कुठं सुरू होतो तेच देवकीला कळेना. खाचेत धूळ दाबून भरलेली. टाचणीनं उकरली तशी भुकटी नखावर आली, कुंकवासारखी... कुंकवासारखी, हे मनात आलं मात्र, तिनं नख पदराला पुसून टाकलं, उगाचच जोरानं.

रविवार होता. खनिजाचे ट्रक बंद, त्यामुळे घरासमोरून साखळी गावाकडे जाणारा रस्ता मेल्यासारखा पडला होता. इतर दिवशी एकामागोमाग एक ट्रक जात, भांडी फळीवर थरथरत, आणि त्या धडधडीची तिला इतकी सवय झाली होती की ती नसली की तिला वाटे, कुणीतरी बाहेर येऊन उभं आहे आणि हाक मारत नाही.

महिनाभर कॉम्प्युटर दुपारचा आपोआप बंद पडत होता. आधी घरघर वाढायची, तिच्यातून एक बारीक शीळ निघायची, चढती, उतरती. मग खोक्याला हात लावू नये इतका तो तापायचा, आणि मग पडदा काळा. काल तर जत्रेच्या पत्रकातली नाटकातल्या नटांची नावं टाइप करताकरता गेला. देवस्थानाची माणसं आज संध्याकाळी पत्रक न्यायला येणार होती. साखळीतल्या दुकानातला नारायण फोनवर म्हणाला होता, "वैनी, धूळ खाल्ल्यान त्येना. वारो आत जायना, मगे तो तापता. बंद पडता म्हणान तरी वाचता." आणि मग एकेक गोष्ट बजावून सांगितली होती. आधी बटण बंद, मग वायर भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. पुरता निवू द्यायचा. घरात उघडायचा नाही, बाहेर न्यायचा. ओलं फडकं लावायचं नाही. आतल्या कशाला बोट लावण्याआधी पत्र्याला हात टेकायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते...

अंगात वीज असते, हे तिला ठाऊक नव्हतं. अंगात काय काय असतं, कुणाला ठाऊक असतं?

स्क्रू एकदम सुटला. तिनं झाकण बाजूला सरकवलं.

धूळ असेल हे माहीतच होतं. पण ही धूळ नव्हती. हे काहीतरी वाढलेलं होतं. पंख्याच्या पात्यांवर, त्याखालच्या जाळीत, तारांच्या गुंत्यावर, मऊ, जाड, तांबडं, लोकरीसारखं. एका कडेनं उचललं तर अखंड निघालं असतं, बाळाच्या दुपट्यासारखं. आणि घराच्या खिडक्या तर कायम लावलेल्या. उंबऱ्याशी ओलं गोणपाट. फरशी दोनदा पुसायची, पाणी फेकताना बादलीचा तळ लाल. इतकं करून हे आत आलं कुठून? कोण घेऊन आलं?

"काय गो, पोट फाडून बसलंस त्येचा?"

तिचा नवरा सगुण सोप्याच्या पायरीवर उभा होता, खांद्यावर पंचा. खाणीवर सुरुंगासाठी भोकं पाडायचं मशीन तो चालवी. पहाटे जाई, दुपारी परत येई, जेवून तिच्या टेबलामागच्या बाकड्यावर आडवा होई. ती टाइप करी आणि तो झोपे, असं किती वर्षं चाललं होतं.

"नाकाला पंचा लावा," ती म्हणाली. तिनं स्वतः पदर बांधला होता.

"ह्या धुळीक?" तो हसला. "हिच्यापेक्षा जास्त तर माज्या भाकरीर आसता. बाजूक सर. मी फुंकतंय."

"फुंकू नकात. थुंकी जाते आत, नारायणानं सांगितलंय—"

पण त्यानं वाकून फुंकलं होतं. एकदाच. धुळीचा लहानसा लोट उठला नि खाली बसला, आणि सगुण तसाच वाकलेला राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, जमिनीत काही पडलेलं शोधावं तसा. मग तो पायरीवर बसला. ओठ हसत होते.

"ऊन लागला," तो म्हणाला.

ते दोघंही सावलीत होते.

"पडा जरा आत," ती म्हणाली. तो गेला. तो गेल्यावर तिनं रंगाचा मऊ ब्रश घेतला, एका बोटानं पंख्याचं पातं धरून ठेवलं, कारण मोकळा सोडला तर तो भलताच फिरतो नि बिघडतो, आणि पात्यामागून पातं झाडू लागली. हात बरोबर चालला होता. हाताला काम असलं की मनाला मोकळं रान मिळतं, आणि ते नेमकं नको तिकडे जातं... सुलोचनेच्या अंगणात. दोडामार्गच्या पलीकडे, गेल्या शिमग्याआधी. सुलोचनेचा नवरा विठ्ठल सगुणच्याच मशीनवर होता, दुसऱ्या पाळीला. हवा बदलायला म्हणून गावी गेला आणि तिथंच संपला. सुलोचना रडत नव्हती. खांबाला टेकून ती देवकीला सांगत होती, जणू शेजारणीची गोष्ट, "रातची शीळ वाजायची गो. माका वाटायचा, दाराची फट वाजता. मी फटीत कागद घातलंय."

कागद घातलंय. देवकी तेव्हा काय म्हणाली होती? काहीतरी म्हणाली असेल. तिथं जे म्हणायचं असतं ते.

जाळीतली लोकर तिनं चिमट्यानं ओढून काढली, रबरी फुगा दाबून हवा मारली, झाकण लावलं, चारही स्क्रू बसवले. खोका आत आणला. धूळ उडू नये म्हणून छताचा पंखा सकाळपासून बंदच होता. वायर लावली. बटण दाबताना वाटलं, आपण काही तोडलं तर नाही? पडदा उजळला. तिनं कान दिला.

घरघर नव्हती. पंखा फिरत होता, मागे तळवा धरला तर वारा लागत होता, पण आवाज असा नाहीच. ती खूश झाली, खरोखर खूश झाली, एखाद्या मुलीसारखी. पत्रक उघडलं, नटांची नावं पुन्हा टाइप करायला घेतली. एकेका भूमिकेपुढं एकेक नाव, नारद... सूत्रधार... बराच वेळ गेला. खोक्यावर हात ठेवून पाहिला, गार.

आणि शीळ वाजली.

बारीक. चढती. उतरती.

तिची बोटं कळांवर थांबली. तिनं खोक्याला कान लावला. तिथं काही नव्हतं. शीळ पाठीमागून येत होती, बाकड्यावरून... पुन्हा चढली, मध्येच अडली, उतरली. आणि तिला आठवलं की सकाळी, सगुण कामावर असताना, हा कॉम्प्युटर कधीच शीळ घालत नसे. सकाळी तो गार असतो म्हणून, असं मी धरून चालले होते. असं मी स्वतःला सांगितलं होतं. म्हणजे सांगावं लागलं होतं? म्हणजे मला आधीपासून... नाही. तिनं मान वळवली नाही. पडद्याच्या काचेत तो दिसत होता, छाती वरखाली होत होती, फार लवकर लवकर, धावून आलेल्या माणसासारखी. आणि तो तर झोपला होता.

"झाला गो?" तो जागा होऊन म्हणाला. जागा होताच शीळ विझली.

"झालं." मग, पडद्याकडे बघतच, "म्हापशाला जाऊया एकदा. फोटो काढून येऊया."

"कसलो फोटो?"

"छातीचा."

बाकडं करकरलं. तो उठून बसला असावा. हळूच म्हणाला, "खाणीर काढतत वर्साक एकदा. काय नाय म्हणतत." मग आणखी हलक्या आवाजात, "भायर काढलो आणि कायतरी लिवन इला, तर माका मशीनवरसून उतरवतले. मगे घरात बसान काय करू? नको गो."

"बरं," ती म्हणाली.

शब्द इतका पटकन निघाला की तिचा तिलाच धक्का बसला. ती भांडणार होती. तिच्याजवळ सुलोचनेचं अंगण होतं, ते ती समोर ठेवणार होती. उद्याच्या उद्या बसमध्ये बसवणार होती त्याला. आणि तो नको म्हणताच तिच्या आत कुणीतरी पाय पसरून निवांत बसलं होतं. आज कळायला नको. या आठवड्यात नको. जत्रा होऊन जाऊ दे. उद्या ट्रक सुरू होतील...

सगुण पुन्हा आडवा झाला. काही वेळानं शीळ सुरू झाली, आधी चाचपडत, मग स्थिर.

देवकी उठली. पंख्याचं बटण तिनं शेवटपर्यंत फिरवलं. छताचा पंखा गरगरू लागला, टेबलावरचे कागद उडाले, कोपऱ्यातली उरलीसुरली धूळ उठून फरशीवर धावली.

"उकडता गो?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"होय," ती म्हणाली.

ती पुन्हा टेबलाशी बसली. एक नाव टाइप केलं, थांबली, कान दिला. शीळ आहे का, हे ती ऐकत नव्हती. पंख्याचा आवाज शीळ पुरती झाकतो आहे ना, तेवढंच ऐकत होती. झाकत होता. तिनं पुढचं नाव घेतलं, बिनचूक, आणि त्याच्या पुढचं. आपल्याला हे जमतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.