काळूरामच्या पोटातला कोंबडा

कामणच्या कमळीआजीने आजवर किती थापा मारल्या ते विचारूच नका. तिचा सासरा म्हणे पुराच्या पाण्यात म्हशीचं शेपूट धरून भिवंडीला पोचला, आणि परत येताना म्हशीने त्याचा कासोटा धरला होता! थाप पकडली गेली तरी आजी लाजायची नाही. "हसलात ना? मंग कोनाचं काय गेलं?" म्हणायची.

या वर्षी मात्र गेलं. दिपिकाचं गेलं.

गावातली अंगणवाडी आजीच्याच पडवीत भरते. पोरं बहुतेक गोडाऊनमध्ये खोकी भरणाऱ्या बायांची, पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. सेविका स्वप्नालीने आजीला स्वतःच गळ घातली होती, "पोरं जेवायला बसली की गोष्ट सांगा ना आजी. हसता हसता चार घास जास्त जातात." आजीला काय, तेच हवं होतं.

दिपिका त्यातली सगळ्यात रोड. चार वर्षांची, पण दिसायची दोनची. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली की पिवळ्यावर यायची. हिरवं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखाना. म्हणून स्वप्नाली तिला उकडलेलं अंडं स्वतः सोलून द्यायची.

आणि नेमकी अंड्याच्याच दिवशी, स्वप्नाली भांडी घासायला मागे गेलेली असताना, आजीला लहर आली.

"आमच्या म्हाताऱ्यानं, काळूरामनं," आजीने मांडी ठोकली, "एकदा अंडं न चावता गिळलं. रातभर पोटात चिवचिव, चिवचिव! सकाळी दात घासायला तोंड उघडतो, तर आतून कोंबड्यानं मान बाहेर काढली नि आरवला! त्या दिसापासून कामणात कोनी घड्याळ इकत घेतलं नाय."

पोरं खदखदून हसली. दिपिका हसली नाही. हातातलं अंडं तिने हळूच ताटलीत ठेवलं, जसं काही ते झोपलंय. तिचं बघून आणखी दोघातिघांनी ठेवली.

"उन्हाने अंडी वास मारतील आजी, तुम्ही घरी न्या," परत आल्यावर स्वप्नाली म्हणाली.

आजीने नेली. नातू भूपेश पोलीस भरतीसाठी पहाटेचा पळायला जायचा. त्याला तिखटमीठ लावून दिली. तो बोटं चाटत म्हणाला, "कुठली गं ही?"

"शेजारच्या कोंबडीची. खा गपगुमान."

इथवर एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या वेळी स्वप्नाली मागे वळताच पोरांनी गलका केला, "आजी, कोंबड्याची गोष्ट!" आणि आजीने सांगितली. या वेळी कोंबड्याला नखं फुटली. तो म्हाताऱ्याच्या पोटात उकिरडा उकरावा तसा उकरायला लागला. सांगताना आजीचा एक डोळा ताटल्यांवर होता. तो तिथे होता हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं. मग दर अंड्याच्या दिवशी असाच कोंबडा थोडा थोडा मोठा होत गेला, आणि उरलेली अंडी आजीच्या डब्यातून घरात जात राहिली.

एका सकाळी स्वप्नालीने दिपिकाच्या आईला कामावर जाता जाता थांबवलं.

"पट्टी बघा. लालला टेकलीय. इथे ही अंड्याला हात लावत नाही, तोंड फिरवते. घरात कुणी काही भरवलंय का हिच्या मनात?"

"नाही ओ ताई." जव्हारकडची ती बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. "मी कशाला सांगीन असं? इथे अंडं मिळतं म्हणून तर हिला सोडून जाते."

"मग कुणी सांगितलं? आईने लक्ष नको द्यायला?"

बाईने मान खाली घातली. जे केलंच नाही त्याचं बोलणं तिने मुकाट ऐकून घेतलं.

उंबऱ्यात आजी तांदूळ निवडत होती. 'मी सांगितलं' एवढंच तर म्हणायचं होतं. जिभेवर म्हशी नाचवणारी बाई, पण हे दोन शब्द काही निघेनात. खडे सुपात राहिले आणि तांदूळच बाहेर पडायला लागले.

तेवढ्यात दिपिका येऊन तिच्या गुडघ्याशी उभी राहिली. "आजी, भूपेशदादाला डब्यातली अंडी नको ना देऊ."

"काय गो?"

"त्याच्या पोटात कोंबडा होईल. मग त्याला पळता येणार नाही."

स्वप्नालीने आजीकडे पाहिलं. दिपिकाच्या आईने पाहिलं. आणि न्हाणीतून तोंड पुसत आलेला भूपेश, तोही बघत उभा राहिला.

"शेजारच्या कोंबडीची ना गं आजी?" तो म्हणाला.

आजीचे कान तापले. पदर डोक्यावर होता तो तिने आणखी पुढे ओढला. "थाप होती ती, बाय. माझीच थाप. कोंबडा नाय, काय नाय."

दिपिकाने ठाम मान हलवली. "खोटं नको बोलू."

अख्ख्या जन्मात एकदा खरं बोलायची वेळ आली, तर पोरीला तेच खोटं वाटलं.

शेवटी भूपेश तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मगरीसारखं तोंड उघडलं. दिपिकाने आत वाकून बघितलं. मग त्याच्या पोटाला कान लावला. नेमकं पोट गुरगुरलं! ती टुणकन मागे.

"भूक आहे ती," भूपेश हसला. "तुझ्या पण पोटात आहे. हात लावून बघ."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वप्नालीने सोलून पुढे केलेलं अंडं घेऊन उंदरासारखं एका कडेने कुरतडलं, आणि थांबून वाट पाहिली. काही आरवलं नाही. आणखी कुरतडलं.

"उद्या हिला डॉक्टरांना दाखवून आणू," स्वप्नाली तिच्या आईला म्हणाली. "आणि मघाशी मी उगाच बोलले तुम्हाला." आजीकडे तिने पाहिलं नाही. भूपेश तर केव्हाच आत निघून गेला होता.

दिपिकाच्या आईने भांडायला हवं होतं. आजी त्याचीच वाट बघत होती. पण ती जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही सांगा ना तिला गोष्ट, आजी. तुमचं लई ऐकते ती. पुरं खाईल."

आजीने सुपातच बघत सुरुवात केली. "एक होती कोंबडी."

"मग?" सगळी पोरं पुढे सरकली.

"मग काय नाय. ती अंडी द्यायची. पोरं खायची."

"एवढंच?"

"एवढंच," आजी म्हणाली.