पाटावरचा फोन

खंडेनवमीला ह्यांनी पाटावर काय मांडावं? नवा मोबाईल! स्वस्तातला, पण एबीसीडीची सगळी बटणं असलेला. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि चौदा वर्षं ह्या घराला भाकरी घालणारी माझी शिलाई मशीन कोपऱ्यात, वर ह्यांचीच पँट वाळत टाकलेली.

"अन् मशीनची पूजा?" मी विचारलं.

"ती कुठं पळून जातीया?" हे हसले. "माझ्या एजंटगिरीचं हत्यार आता हे हाय."

माझं डोस्कंच फिरलं. मी नारळ फोडला आणि सगळं पाणी त्या बटणांवर ओतलं.

"अगं, बंद पडला की गं!" हे ओरडले.

हार उचलून मी मशीनला घातला. म्हटलं, "पडू दे की. कुठं पळून जातोय?"