तंबूच्या दारातली घडवंची

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. सागवानी नाही, साधी बाभळीची. तरी माझे चारही पाय अजून धड आहेत. सुताराने मला पाण्याचे हंडे ठेवण्यासाठी घडवले, पण हंडे माझ्या नशिबी नव्हते. कोकिळाबाईंच्या तमाशाच्या फडाने मला मेहकरच्या बाजारात विकत घेतले आणि तंबूच्या दारात उभे केले.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, ते दिवस. जत्रेला माणसे शेतातून थेट यायची; कोणाच्या हातात काठी, कोणाच्या खांद्यावर कुऱ्हाड. आमचा दारवान मोतीराम ते सगळे काढून घ्यायचा. कुऱ्हाडी माझ्या फळीवर, काठ्या माझ्या अंगाला टेकवून. खेळ सुटला की ज्याचे त्याला परत.

"मोतीरामदादा, माह्या पोरी तुमच्या भरवशावर नाचतात," कोकिळाबाई म्हणायच्या. मोतीराम नुसता मिशीत हसायचा. मलाही मग उगाच मोठे झाल्यासारखे वाटायचे.

एका वर्षी साखरखेर्ड्याकडच्या एका जत्रेत सकाळी शंकरपट झाला. कोणाची बैलजोडी आधी पोचली, यावरून दोन गावांत जुंपली. दुपारी तीच माणसे खेळाला आली. जत्रेत खेळ ठेवणारे पंच शेषराव दारात येताच मोतीरामने त्यांना थांबवले.

"शेषरावभाऊ, आजचा खेळ राहू द्या. लोकायच्या डोक्यात पटाचा राग हाये."

"काऊन? तू हायेस ना दारावर," शेषराव म्हणाले आणि पुढच्या गादीवर जाऊन बसले.

मोतीरामने त्या दिवशी साधा विळाही आत जाऊ दिला नाही. माझ्यावर कधी नव्हे एवढा ढीग झाला. खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. राग मात्र सगळे सोबत घेऊनच आत गेले.

पहिली गौळण चालू असतानाच बसायच्या जागेवरून हाणामारी पेटली. आणि मग सगळे धावले ते माझ्याकडे. दोन्ही गावांची हत्यारे आम्हीच एका जागी रचून ठेवली होती. मोतीराम दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला.

"बापहो, आधी घरी जा. काठ्या उद्या देतो," तो विनवत होता.

लोकांनी त्याला लोटून दिले. माझी फळी बघता बघता रिकामी झाली. ज्या कुऱ्हाडी त्याने बाहेर ठेवल्या होत्या, त्याच आत शिरल्या. तंबूत कितीतरी माणसे मेली. कोकिळाबाईंनी मागची कनात फाडून पोरींना बाहेर काढले. सगळ्यांत धाकटी वासंती मात्र वाचली नाही.

"दारवान काय करून राह्यला होता?" दुसऱ्या दिवशी जो तो हेच विचारत होता, आणि सगळ्यांत आधी शेषराव. खेळ का ठेवला, हे कोणीच विचारले नाही.

फड मोडला. मोतीरामने मला आपल्या गोठ्यात आणून ठेवले आणि माझ्यावर पुन्हा कधी काही ठेवले नाही. म्हातारपणी तो माझ्याशेजारी बसायचा. वाटेने जाणाऱ्याला म्हणायचा, "म्या सांगतलं होतं." ऐकायला कोणी थांबत नसे. तो गेल्यावर मी एकटीच उरले, आणि हे एकटेपण मला फार जड जाते.

मित्रांनो, दारावर माणूस नेमाल तर त्याचे ऐकतही जा. तो "आज नको" म्हणाला, तर त्या दिवशी खेळ ठेवू नका. पोरी जिवंत ठेवायला त्याच्या हाती तेवढेच एक असते.