दुसऱ्याचा हात

डाव्या बाजूच्या शेवटच्या तारेच्या बुडाशी गोकुळदासने पांढऱ्या टेपचे तीन वेढे दिले, चौथा अंगठ्याने दाबला आणि टेप दातांनी तोडली. हात आपलं काम करत होते आणि तो बघत होता पलीकडे, फेरीबोटीकडे. केरीच्या धक्क्याहून तेरेखोलला गेलेल्या फेरीबोटीवर आज कुणाची तरी म्हैस चढली होती आणि आता ती उतरायला तयार नव्हती.

"तिका गाव बघूचो आसतलो," तो म्हणाला.

गौरवी हसली नाही. भरतीच्या वेळेला ती बापाच्याच काय, कुणाच्याही विनोदाला हसत नसे. शिडाची होडी चालवायला शिकवणारी तालुक्यातली ती एकटीच बाई, आणि गणेशचवथीनंतरचा हा पहिला वर्ग. नारिंगी जाकिटं घातलेली चार शिकाऊ माणसं होडीत बसून कुठे हात ठेवावा, कुठे ठेवू नये, या विवंचनेत होती.

"पपा, पाणी चढलां. अर्ध्या तासात भायर पडूक व्हया, मगे ओहोटी लागली की तळ वाळूक टेकतलो."

"पड गो. झालां आमचां."

'सातेरी' बावीस फुटांची. तिच्या पोटाखाली शिशाचं जड वजन आहे. त्यामुळे ती वाऱ्यात कलते, पण उलटी होत नाही. लोकांना तेवढंच सांगितलं की ते निर्धास्त होतात. होडी उलटली नाही तरी डोलकाठी पडू शकते, हे कुणी विचारत नाही. ती काठी उभी असते सहा तारांवर: दोन उजवीकडे, दोन डावीकडे, एक पुढे, एक मागे. आणि प्रत्येक तार बुडाशी एका जाड खिळ्याने होडीला जखडलेली असते. तो खिळा निसटू नये म्हणून त्याच्या टोकाच्या भोकातून एक पिन घालायची आणि तिचे दोन पाय फाकवायचे. पिन केवढी, तर बाईच्या केसातल्या आकड्याएवढी.

गोकुळदासने चष्म्यासाठी सदऱ्याच्या खिशात हात घातला. सदरा कालचाच होता. बोटांना चष्मा लागला, आणि चष्म्याखाली काहीतरी बारीक टोचलं. त्याने ते बाहेर काढून तळहातावर ठेवलं.

पिन होती. नवीकोरी, पाय न फाकवलेली.

काल संध्याकाळी पुढच्या तारेचा खिळा बसवून झाला, पिन बोटात धरली, आणि तेवढ्यात मुळगावहून भावाचा फोन आला. परसातला फणस घराकडे कलला होता; तोडायचा की नाही यावर भाऊ वीस मिनिटं बोलला. फोन संपला तेव्हा अंधारून आलं होतं. गोकुळदास हत्यारं गोळा करून घरी गेला आणि रात्री फणसाचाच विचार करत झोपला.

त्याने मान वळवून होडीच्या टोकाकडे बघितलं. पुढच्या तारेच्या बुडाशी काळी टेप होती. चापूनचोपून, एक सुरकुती नाही. काळी टेप म्हणजे बाबली, त्याचा जोडीदार.

"सगळी उतरा," गोकुळदास म्हणाला.

"कित्याक?"

"उतरा म्हणतंय ना."

गौरवीने बापाचा चेहरा बघितला आणि पुढे काही न विचारता चौघांना धक्क्यावर घेतलं. गोकुळदास गुडघ्यांवर बसला, कमरेचा सुरा काढला आणि काळी टेप उभी चिरली. आत खिळा होता आणि खिळ्याच्या टोकाला रिकामं भोक होतं. एवढ्या हेलकाव्यांतच खिळा भाताच्या दाण्याएवढा सरकलासुद्धा होता. बाहेर, नदीच्या मुखाशी, वारा एका बाजूने घ्यायचा, मग दुसऱ्या बाजूने. तार ताणली जाते, ढिली पडते, पुन्हा ताणली जाते. तिसऱ्या-चौथ्या वळणाला खिळा गेला असता आणि तीस फुटांची काठी खाली आली असती. सुकाणू धरणारा कुठे बसतो, हे त्याला नीट ठाऊक होतं. गौरवी तिथेच बसते.

चूक त्याचीच होती, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पण माणूस चुकतो म्हणूनच तर ती रीत होती. डिचोलीच्या नदीतून मुरगाव बंदराकडे खनिज नेणाऱ्या बार्जवर तो आणि बाबली एकोणीस वर्षं खलाशी होते. तिथे एकदा एकाने दोर बांधला, स्वतःच ओढून बघितला, स्वतःच बरा म्हणाला, आणि तो दोर सुटून तांडेलाचा पाय गेला. तेव्हापासून त्या बार्जवर एकच कायदा: बांधणाऱ्याने पारखायचं नाही. आपल्या हाताची चूक आपल्या हाताला लागत नाही, ती दुसऱ्याच्या हाताला लागते. खाणी थांबल्या, बार्ज काठाला लागले. बाबली त्याला आपल्या गावी, केरीला घेऊन आला, राहायला बागेतला मांगर दिला, आणि ती रीतही त्यांच्याबरोबर आली. उजवी बाजू आणि पुढची तार गोकुळदासची. डावी बाजू आणि मागची तार बाबलीची. एकाने बसवायचं, दुसऱ्याने बोट फिरवून बघायचं आणि मगच आपली टेप गुंडाळायची. टेप म्हणजे साक्ष. मे महिन्यात होडी पावसासाठी वर काढली की ज्याने त्याने आपापली बाजू सोडवायची.

आणि बाबलीने खोटी साक्ष दिली होती. तीही गौरवीच्या होडीवर. ती दहा वर्षांची असताना याच नदीत त्याने तिला पोहायला शिकवलं होतं. शाळेतून आली की ती आधी बाबलीच्या घरी जेवायची, मग आपल्या घरी. परक्याने केलं असतं तर गोकुळदासने शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. इथे शिवीसुद्धा सुचेना. केसाने गळा कापणं म्हणतात ते त्याने आजवर नुसतं ऐकलं होतं.

बाबली माडाखाली पालथ्या होडक्यावर बसून चहात पावाचा उंडो बुडवत होता. गोकुळदास त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पिन त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही खंयची?"

बाबलीने बघितलं. मग धक्क्याकडे, उतरलेल्या माणसांकडे बघितलं. चहाचा पेला खाली ठेवला.

"फुडची?"

"फुडची. तू टेप कदी मारलंस?"

"सकाळी. तू येवच्या आदी."

"बोट फिरवलंस?"

भिजलेला उंड्याचा तुकडा पेल्यात तुटून पडला, तो तिकडेच बघत राहिला.

"बाबली, मी काय इचारतंय?"

"नाय. बघूक नाय."

"आजच, की आदीसून?"

"आदीसून."

"कदीपासून?"

"सात वर्सां जाली."

गोकुळदासला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सात वर्षं. सात वेळा काठी उभी राहिली, सात वेळा काळी टेप लागली, आणि तो प्रत्येक वेळी बाबलीच्या बोटावर विसंबून घरी गेला. आपली पिन आपण दुसऱ्यांदा कधी बघितली नाही. बघायची कशाला? बाबली बघतो ना.

"माजी गौरवी बसता रे त्या होडीत," तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण तो फुटला. "तुज्या घरात जेवली ती. तुका एक बोट फिरवूक जड जालां?"

बाबलीने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर शरम होती, पण नुसती शरम नव्हती.

"तू आता डावी बाजू केलंस मा? टेप मारलंस?"

"मारलंय."

"जा. सोडून बघ."

"माजां कित्याक? मी तुजां इचारतंय—"

"सोडून बघ, गोकुळ. मगे बोल."

गोकुळदास परतला तो तणतणतच. आपल्याच टेपला सुरा लावताना त्याला चीड आली. सगळं काढून काय दाखवायचं होतं या माणसाला? पांढरे वेढे चिरले, सोलले. आत खिळा नीट होता. पिन नीट होती, पाय दोन्हीकडे सारखे फाकवलेले, असे की टोक हाताला लागू नये. बाबलीचं काम. आणि पिनेच्या डोळ्यातून एक तांबडा दोरा ओवलेला होता, वर दुहेरी गाठ मारलेली.

तो दोरा दिसत होता. चष्मा नसतानाही दिसला असता. बोट फिरवलं असतं तर बोटालाही लागला असता.

त्याने शेजारच्या तारेची टेप कापली. तिथेही दोरा. मागच्या तारेकडे गेला. तिथली टेप त्याने चहाच्या आधी गुंडाळली होती. गुंडाळताना कुठे बघत होतो, हे आता आठवेना. तिथेही तांबडा दोरा, तीच गाठ.

बाबली चालत धक्क्यापर्यंत आला होता. होडीत चढला नाही. काठावर उभा राहून हळू बोलला, गौरवीला ऐकू जाणार नाही इतपत.

"सात वर्सांआदी मे म्हयन्यात माजी बाजू सोडी होतंय. तुजी टेप काढलंय, तर आत माज्या पिनेचे पाय फाकवूकच नाय होते. मीच इसारलेलंय. आख्खो मोसम होडी तशीच फिरली, नि वर तुजी टेप. त्या रातीक माका झोप नाय. मगे म्हटलंय, एकदां जाता, माणूस हा. फुडच्या वर्सा मुद्दाम दोरो बांधलंय. म्हटलां, बघतलो नि इचारतलो, अरे बाबली, हो दोरो कित्याक? मगे हसतलंव दोगंय."

गोकुळदास पिनेजवळ बसून होता. त्याने मान वर केली नाही.

"मे म्हयन्यात टेप सोडलंय, दोरो तसोच. फुडच्या वर्साय तसोच. दर वर्सा बांधतंय. औंदाय बांधलंय."

"माका सांगूचां नाय होतां?"

"काय सांगू? तू बघूक नाय म्हणान?"

"अरे, तुजां काम," गोकुळदास म्हणाला. "तुज्या कामार काय बघूचां? माजो विश्वास होतो."

"विश्वास होतो, तर टेप कित्याक मारलंस?"

धक्क्यावर शिकाऊंपैकी कुणीतरी जाकिटाचा पट्टा पुन्हापुन्हा उघडत-लावत होतं, त्याचा टकटक आवाज तेवढा येत राहिला.

"तेवापासून मी तुजां बघूचां सोडलंय. माजां माजां दोनदां बघतंय," बाबली म्हणाला. "वाटलां, तूय तुजां दोनदां बघत आसशीत. बघणाराच नाय, ह्यां तुका ठाव आसतलां म्हणान." मग तो नदीकडे वळला. "सात वर्सां ह्या होडीर मी एकटोच होतंय."

फसवणुकीचा राग धरायला माणसाला एक बाजू लागते. गोकुळदासची मघापर्यंत होती. अजूनही राग होता, गेला नव्हता; बाबलीने हे पोटात ठेवून रोज त्याच्याबरोबर चहा प्यायला, चवथीला गणपतीची माटोळी बांधली, गौरवीला होडीत बसताना बघितलं, हे त्याला आयुष्यभर सलणार होतं. पण तो राग घेऊन उभं राहायला पायाखाली जमीन उरली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"चल," तो शेवटी म्हणाला. "पिन घालतंय. तू बघ. मगे तुजी मी बघतंय. पयल्यासारखां."

बाबलीने मनगटातला काळ्या टेपचा गुंडाळा काढला, क्षणभर हातात धरला आणि वाकून होडीच्या कडेवर ठेवला.

"गौरवीक बघूक सांग," तो म्हणाला. "माजां बघून जालां."

तो माडाखाली परत गेला. पेल्यातला चहा वाळूत ओतला, पेला धुतला आणि पाठमोरा चालू लागला. नेहमी जाताना तो हात वर करायचा. आज केला नाही.

गोकुळदासने खिळा जागेवर दाबला. पिन भोकातून घातली, पक्कडीने पाय फाकवले. झाल्यावर त्याने मुलीला हाक मारली.

गौरवी उडी मारून होडीत आली. चारही शिकाऊ तिच्यामागे होडीत उतरायची वाट बघत होते. पाणी धक्क्याच्या चौथ्या पायरीला लागलं होतं.

"काय जालां, पपा? बाबलीकाका खंय गेलो?"

"घराक. ह्यां बघ नि टेप मार. मगे बाकीचां सगळां."

"मी?"

"आजपासून तू."

तिने काळा गुंडाळा उचलला, टोक नखाने सोडवलं आणि वाकून पहिला वेढा दिला. तिचे डोळे नदीच्या मुखाकडे होते. तिथे वाऱ्याने पाणी काळपट व्हायला लागलं होतं.

"दहा मिनटां रवली," ती म्हणाली आणि दुसऱ्या वेढ्यासाठी हात फिरवला.

गोकुळदासने तिचं मनगट धरलं.

"पपा, उशीर होता. तुमीच घातलास मा पिन? मगे बघूचां काय?"

त्याने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने पहिला वेढा उलगडला, तिचं बोट धरून पिनेवर टेकवलं, आणि धक्क्यावरच्या चौघांना म्हणाला, "बसा थंयच. आज ही भरती चुकतली."